बेप्पूला हरवलेली नथ

फोन पुन्हा वाजला तेव्हा शुभ्राच्या हातात पाण्याचा नमुना होता. शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्या लॅबमध्ये पाणी तपासताना ती फोन घेत नसे. पण नाव साजिदा आपांचं होतं, आणि आपा उगाच परत परत फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"शुभ्रा, तुझे सासरे उद्या सकाळी पोलिसात जातायत. माझ्या नावानं कंप्लेंट."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मेसेज केलाय. आज संध्याकाळी घरी या, नथ आणून द्या, नाहीतर उद्या पोलिस. मी घेतलीच नाही तर आणून काय देऊ?"

शुभ्रानं नमुन्याची बाटली स्टँडमध्ये ठेवली. "ऑफिसात आहात ना? तिथेच थांबा. मी येते."

साजिदा मुकादम मूळच्या दापोलीकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ऊद मेथात एक छोटं ऑफिस घेतलं आणि फक्त बायकांच्या सहली काढायला सुरुवात केली. सून, सासू, शाळेतल्या मॅडम, सगळ्या घरच्यांना मागे ठेवून त्यांच्या भरवशावर निघत. त्या भरवशाखेरीज आपांच्या धंद्याला दुसरं भांडवल नव्हतं. शुभ्राच्या मुलाच्या, वेदांगच्या जन्माच्या वेळी तिचा नवरा सुयश मस्कतला अडकला होता, तेव्हा हॉस्पिटलात शुभ्राच्या उशाशी आपाच बसून होत्या.

गेल्या आठवड्यात त्या जपानची सहल घेऊन परतल्या होत्या. परतल्या त्या आळ घेऊनच.

ऊद मेथाच्या ऑफिसात एसीचा आवाज सोडला तर शांतता होती. टेबलावरचा चहा तसाच होता, वर साय धरलेला.

"पहिल्यापासून सांगा," शुभ्रा म्हणाली. "मला तुकडे तुकडे माहीत आहेत."

"बेप्पू शहरात कान्नावा म्हणून जुनी पेठ आहे. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, आणि गटारांच्या जाळ्यांतनंसुद्धा वाफ येते. जमिनीखाली सगळीकडे गरम पाणी. तिथे या चौघींना नऊवारी नेसून फोटो काढायचे होते."

ते शुभ्राला माहीत होतं. त्या फोटोंसाठी तिच्या सासूबाईंनी, छायाबाईंनी, मीना बझारच्या सोनाराकडून एकाच चांदीची, एकाच घडणीची जोडवी करून घेतली होती. पाच जोड: छायाबाईंना, त्यांच्या नणंदेला म्हणजे हेमांगीआत्यांना, शाळेतल्या कादंबरी मॅडमना, खालच्या मजल्यावरच्या सृष्टीला आणि शुभ्राला. ऐनवेळी लॅबचं ऑडिट आलं आणि शुभ्राचं जाणं रद्द झालं. तिचा जोड अजून डबीतच होता.

"फोटो झाले. मग?"

"बाकीच्या बायका उकळती तळी बघायला लोकल गाईडबरोबर गेल्या. या चौघींना गरम पाण्याचं स्नान करायचं होतं. वर चढावर गंधकाच्या पाण्याचं जुनं स्नानगृह आहे, तिथे मी घेऊन गेले. तिथला रिवाज माहीत आहे ना? अंगावर एक कपडा चालत नाही."

"आई तयार झाल्या?"

आपांना एवढ्यातही हसू आलं. "तुझी सासू म्हणाली, साजिदा, काशीला गेले असते तर निदान साडीवर बुडी मारली असती. पण गेली. सगळ्या गेल्या, भिंतीकडे तोंड करून."

"आतली रचना कशी आहे?"

आपांनी बोटानं टेबलावर रेघा ओढल्या. "आधी कपडे बदलायची खोली. टोपल्या असतात, त्यात कपडे ठेवायचे. मग सरकतं दार, त्याला धुरकट काच. आत अंग धुवायची खोली, तिथे साधे नळ. मग आणखी एक दार, आणि बाहेर आकाशाखाली गंधकाच्या पाण्याचा हौद."

"म्हणजे हौदातून टोपल्यांपर्यंत यायचं तर नळांच्या खोलीतूनच यावं लागतं?"

"दुसरी वाट नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पाण्यात उतरले नाही. टोपल्यांपाशी बसले. छायाताईंनी नथ काढून रुमालात गाठ मारून पर्समध्ये ठेवली, माझ्यासमोर. पर्स टोपलीत, कपड्यांखाली. म्हणाल्या, साजिदा, लक्ष ठेव."

"ठेवलंत?"

आपांनी साय धरलेला कप बाजूला सारला.

"असरची, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली. मी कोपऱ्यात जानमाज पसरला. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, भिंतीकडे आली, पाठ टोपल्यांकडे. नमाजात असताना दार सरकल्याचा आवाज झाला. काकणं वाजली."

"काचेची?"

"काचेचीच. तुमच्या बायकांनी हिरवा चुडा भरला होता फोटोंसाठी. मला वाटलं कुणी टॉवेल घ्यायला आलं."

"वळून पाहिलं नाहीत?"

"नमाजात?" त्यांनी शुभ्राकडे असं पाहिलं की तिला प्रश्न विचारल्याची लाज वाटली.

"हे बाबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, चौघीही म्हणतायत आम्ही शेवटपर्यंत पाण्यात होतो, मग काकणं काय भुतानं वाजवली? संध्याकाळी हॉटेलवर छायाताईंनी रुमाल सोडला तर आत आलेपाकाची वडी. मी बसमध्ये वाटते ना, उलटी होऊ नये म्हणून, ती. कागदासकट. मग सगळ्यांच्या बॅगा बघितल्या, पर्स बघितल्या, माझी तर दोनदा."

"वडी सगळ्यांकडे होती?"

"सगळ्यांकडे. पण डबा माझ्याकडे होता."

शुभ्रा उठली. "आपा, त्या वेळी बाहेरची कुणी बाई होती आत?"

"एकही नाही. दुपारची वेळ होती."

"मग चोर चौघींतलीच आहे. संध्याकाळी घरी या. चहा पिऊन या, आमच्याकडे कोणी विचारेल याची खात्री नाही."

कादंबरी मॅडमची शाळा दोन गल्ल्यांपलीकडे होती. त्या मधल्या सुट्टीत गेटपाशी भेटल्या, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.

"मॅडम, पाण्यात तुमच्या शेजारी कोण होतं?"

"कोणीतरी होतं." त्या कसनुसं हसल्या. "चष्मा काढला की मला माझा हात दिसत नाही, शुभ्रा. वाफ तर इतकी होती. आणि खरं सांगू, मी कुणाकडे बघितलंच नाही. बघणार कसं? मुलांना सांगते ना, आपल्या पेपरात बघा, तसं."

"पण चौघी पाण्यात होतात असं तुम्ही सांगितलंत."

"हेमांगीताईंनी सांगितलं, आम्ही चौघी शेवटपर्यंत पाण्यात होतो. मीही हो म्हणाले. होतोच ना?"

शुभ्राची नजर त्यांच्या सँडलकडे गेली. जोडवी शिशासारखी काळी पडली होती.

"हो, बघ ना," कादंबरी मॅडम म्हणाल्या. "सोनारानं फसवलं आपल्याला."

जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या इमारतीत सृष्टी लिफ्टपाशीच भेटली. ती इंटिरियरचं काम करते. एका हातात टाइल्सचे नमुने, दुसऱ्यात फोन.

"शुभ्रा, आय नो, इट्स अ मेस. पण मी काय सांगू? मी डोळे मिटून बसले होते, लिटरली. काकूंचा आवाज येत होता, त्या रामरक्षा म्हणत होत्या."

"बाकी कोणाचा आवाज?"

"नाही. अगं, कोण बोलणार? आणि उतरताना माझा गुडघा फुटला. पायरी दिसलीच नाही. पाणी काय, दूध होतं नुसतं."

"नंतर या विषयावर तुम्ही बोललात आपसात?"

"त्या अंघोळीवर? वेडी आहेस का? बाहेर आल्यावर सगळ्या अशा वागत होत्या की जणू कुणी कुणाला ओळखतच नाही. मग अंडी खाल्ली. वाफेवरची. मस्त होती."

"फोटो आहे?"

"फोटो तर भरपूर." सृष्टीनं तिथेच तिला पाठवले.

शुभ्रानं लिफ्टमध्ये ते पाहिले. त्यातल्या एका फोटोवर ती थांबली. चौघी अंघोळ आटोपून साध्या कुर्त्यांत, गल्लीतल्या लाकडी बाकावर बसलेल्या. मागे बांबूच्या टोपल्यांतून वाफ. हातात सोललेली अंडी. थकून सँडल काढलेले आणि पाय पुढे पसरलेले. छायाबाईंचे ओले केस खांद्यावर मोकळे, सृष्टीचे टॉवेलात, कादंबरी मॅडमचे क्लिपमध्ये कसेबसे कोंबलेले. हेमांगीआत्यांचा सकाळचा खोपा तसाच, वर कापडी गजरा. या फोटोच्या वेळी नथ हरवल्याचं अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

एकीला सोडून.

तिनं फोटो मोठा केला आणि खाली सरकवला. लिफ्ट तिच्या मजल्यावर येऊन थांबली, दार उघडलं, पुन्हा मिटायला लागलं, तेव्हा तिनं हात घातला.

घरात छायाबाई स्वयंपाकघरात पाय स्टुलावर घेऊन बसल्या होत्या. अंगठ्याशेजारच्या बोटावर टूथपेस्ट थापलेली.

"निघत नाही गं हे काळं. आधी जोडवी काळवंडली, मग नथ गेली. मी हेमांगीवन्संना म्हटलंही, काहीतरी अपशकुन आहे. सौभाग्याच्या वस्तूच कशा नासतायत?"

"आत्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. त्या हल्ली गप्पच असतात."

"आई, पाणी कसं होतं?"

"कढत. आणि वास, शी, नासक्या अंड्यांचा. पण एक बरं होतं. अगदी ताकासारखं पांढरं. गळ्यापर्यंत बसलं की खालचं काही दिसत नव्हतं, स्वतःचंसुद्धा नाही. देवानंच लाज राखली."

शुभ्रानं फ्रीजमधून दोन अंडी काढली.

"आज गुरुवार आहे," छायाबाई म्हणाल्या.

"खायला नाहीत."

अंडी उकळत असताना बेल वाजली. हेमांगीआत्या लवकरच आल्या होत्या. शुभ्राच्या सासऱ्यांची, गुणवंतरावांची धाकटी बहीण, शारजात पंचवीसेक वर्षं राहिलेली. शांत, नीटनेटकी बाई. कुणाकडेही जाताना काहीतरी घेऊन जाणारी. आज खजुराचा डबा होता. दारात त्यांनी चप्पल काढली आणि आत येऊन सोफ्याच्या कडेला बसल्या, पर्स मांडीवर.

"आत्या, तुम्हालाही तेच विचारायचंय. पाण्यात असताना कोणी बाहेर गेलं का?"

"नाही. चौघी होतो शेवटपर्यंत."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं कसलं? मी आपली मान खाली घालून, पायांच्या बोटांकडे बघत बसले होते. कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं."

"साजिदा आपांनी घेतली असेल असं वाटतं तुम्हाला?"

हेमांगीआत्यांनी पर्सची चेन लावलेली असूनही पुन्हा चाचपली. "दादा म्हणतो म्हणजे असेल. दुसरं होतं कोण तिथे?"

शुभ्रा आत गेली. अंडी हवी त्यापेक्षा बरीच जास्त उकळू दिली, गरम असतानाच सोलून कुस्करली आणि स्टीलच्या डब्यात घातली. मग आपल्या खोलीतून मीना बझारची डबी आणली. न वापरलेल्या जोडव्यांपैकी एक वाटीत ठेवून डब्यात सोडलं आणि झाकण घट्ट लावलं. दुसरं तसंच डबीत राहू दिलं.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमले. काचेबाहेर तळ्याकाठचे टॉवर एकेक करून उजळत होते. गुणवंतराव खुर्चीत ताठ बसले होते. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बसणं तेच.

साजिदा आपा आल्या. दारात त्यांनीही चप्पल काढली. कुणी 'बसा' म्हटलं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"हे बघा," गुणवंतराव म्हणाले, "मला तमाशा नको. चाळीस हजार दिरहमचा माल आहे. म्हणजे नऊ लाखांच्या वर. पण किंमत सोडा. बसरा मोती आहेत. याच आखातातले मोती, माझ्या आजोबांनी पुण्यात नथ करून घेतली. माझ्या आईच्या नाकात होती ती."

"मला माहीत आहे, भाईसाब."

"माहीत आहे म्हणूनच गेली. यल्ला, विषय संपवा. परत करा, मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्द लिहिणार नाही."

"ग्रुपवर आधीच लिहिलंय तुम्ही. माझ्या पुढच्या टूरच्या निम्म्या बायका गळाल्या."

"बाबा," शुभ्रा म्हणाली, "मी थोडं बोलू? मग तुम्ही ठरवा."

ती मोठ्यानं बोलत नसे. म्हणूनच बहुधा सगळे तिच्याकडे वळले. तिनं टीव्हीला फोन जोडला. पडद्यावर कान्नावाची गल्ली आली, बाक, अंडी, पसरलेले आठ पाय.

"हा फोटो अंघोळीनंतर लगेचचा. सृष्टी, बरोबर?"

"हो. तिथून चालत खाली आलो आणि हाच पहिला फोटो."

"पायांकडे बघा. बोटांकडे."

तिनं फोटो मोठा केला. तीन जोड काळे होते. चौथा, बाकाच्या टोकाचा, उन्हात चमकत होता.

हॉलमध्ये सगळेच अनवाणी होते. कादंबरी मॅडमनी नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग सृष्टीच्या, मग छायाबाईंच्या. मग नजर सोफ्याच्या कडेला जाऊन थबकली. हेमांगीआत्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले होते.

"गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते," शुभ्रा म्हणाली. "त्यात अपशकुन नाही आणि सोनाराची फसवणूकही नाही. पाण्यातला गंधक चांदीवर बसतो, एवढंच. नासक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. तुम्ही मंगळसूत्रं काढलीत, नथी काढल्यात, पण जोडवी कुणीच काढली नाहीत. सवाष्ण बाई अंघोळीला जोडवी काढत नाही. म्हणून ज्या हौदात उतरल्या त्या सगळ्यांची काळी झाली."

"माझी मी नंतर पॉलिश केली," हेमांगीआत्या म्हणाल्या.

"नंतर केली असतील. फोटो त्याच दुपारचा आहे, आत्या."

"मग माझी चांदी चांगली असेल."

शुभ्रानं स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला आणि टीपॉयवर ठेवून उघडला. वास आला तशी सृष्टीनं ओढणी नाकाला लावली. शुभ्रानं वाटीतलं जोडवं उचललं आणि डबीतल्या दुसऱ्याशेजारी ठेवलं. एक पांढरं, एक तपकिरी-काळं.

"हा माझा जोड. तुमच्याच घडणीतला, त्याच चांदीचा. नुसत्या उकडलेल्या अंड्यांच्या वाफेत दुपारभरात हे झालं. त्या हौदात तुमची जोडवी पांढरी राहिली, कारण ती हौदात गेलीच नाहीत."

गुणवंतराव पुढे वाकले. "शुभ्रा, तू काय बोलतेयस ते कळतंय ना तुला? ही माझी बहीण आहे."

"हो, बाबा."

"लाज वाटली मला," हेमांगीआत्या एकदम म्हणाल्या. आवाज स्थिर होता. "बाहेर गेलेच नाही. आत नळापाशी बसून राहिले. नंतर सांगायचीही लाज वाटली. लाजणं गुन्हा आहे का?"

"नाही," शुभ्रा म्हणाली. "दुपारी तुम्ही म्हणालात, पायांच्या बोटांकडे बघत बसले होते. ते पाणी ताकासारखं पांढरं आहे, त्यात बोटं दिसत नाहीत. तेव्हाही मला वाटलं, लाजून उतरल्या नसतील. तसं असतं तर मी ते इथे काढलंच नसतं."

"मग?"

"मग एकच प्रश्न. साजिदा आपांनी दार सरकल्याचा आणि काकणांचा आवाज ऐकला. बाहेरची बाई तिथे नव्हती. हौदातून टोपल्यांपर्यंत यायला एकच वाट आहे, नळांच्या खोलीतून. आणि नळांच्या खोलीत तुम्ही होतात, सगळा वेळ." ती थोडी थांबली. "तुमच्यासमोरून कोण गेलं, आत्या? आईंचं नाव घेता, सृष्टीचं, की मॅडमचं?"

कादंबरी मॅडमचा हात तोंडाशी गेला होता.

हेमांगीआत्यांनी सृष्टीकडे पाहिलं. मग कादंबरी मॅडमकडे. खोटं बोलायला एक नाव पुरलं असतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"काचेतून दिसत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "धुरकट, पण दिसत होतं. साजिदा आपा उठून कोपऱ्यात गेल्या ते."

छायाबाई जागच्या जागी म्हणाल्या, "वन्सं." त्यात प्रश्न नव्हता.

"बॅगा तपासल्या तेव्हा ती कुठे होती?" गुणवंतरावांनी विचारलं. ते बहिणीला नाही, शुभ्राला विचारत होते.

शुभ्रानं पडद्याकडे बोट केलं. "तिघींचे केस सुटलेत. आत्यांचा खोपा सकाळचा आहे. पाण्यात न जाणाऱ्या बाईचे केस कोरडे राहणारच, म्हणून मी त्याला पुरावा धरलं नाही. पण सगळ्यांच्या पर्स तपासल्या, बॅगा तपासल्या. खोपा कुणी तपासला नाही."

हेमांगीआत्यांनी पर्सची चेन उघडली. आत औषधाच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी होती. ती त्यांनी टीपॉयवर, अंड्यांच्या डब्याशेजारी ठेवली. सृष्टीनं झाकण उघडलं. आत नथ होती. मोती किंचित पिवळट, एकही दुसऱ्यासारखा नाही.

"रोज बरोबर घेऊन फिरते," त्या म्हणाल्या. "घरी ठेवायची भीती वाटते. घालायची तर हिंमतच नाही झाली."

"मागितली असतीस तर," गुणवंतराव म्हणाले.

"मागितली होती, दादा. माझ्या लग्नात. आईनं माझ्या नाकात घालून बघितली, आरसा धरला, म्हणाली किती शोभते. आणि काढून घेतली. म्हणाली, ही घराण्याची, ही सुनेची. तेव्हा वहिनी घरात आलीही नव्हती. न आलेल्या सुनेसाठी माझ्या नाकातून काढली तिनं." त्यांनी शुभ्राकडे पाहिलं. "उद्या ती तुझ्याकडे आली असती. तूही परकीच की. माझी आई होती ती."

नथ कुणाची, हा प्रश्न शुभ्राच्या शास्त्राच्या बाहेरचा होता.

गुणवंतराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "आता पोलिसात जायचा प्रश्न मिटला," ते म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राहील. झालं गेलं, खलास."

"नाही, बाबा," शुभ्रा म्हणाली. "घरात नाही राहिलेली. ग्रुपवर गेलीय."

"म्हणजे मी बहिणीचं नाव जाहीर करू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. पण साजिदा आपांचं नाव तुम्ही लिहिलं होतंत. ते तुम्हीच पुसायचं. आत्ता, त्या इथे असताना."

ते साजिदा आपांकडे वळले, तेव्हा बहुधा त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की ही बाई आल्यापासून उभी आहे. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली. आपा बसल्या नाहीत.

"मला यांना एक विचारायचंय," आपा म्हणाल्या. त्या हेमांगीआत्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दार वाजलं तेव्हा मी वळले असते तर?"

"टॉवेल घ्यायला आले म्हणाले असते. परत गेले असते."

"आणि आलेपाकाची वडी? ती हातातच होती?"

हेमांगीआत्यांनी मान खाली घातली. "आदल्या दिवशीच बाजूला ठेवली होती, रुमाल रिकामा लागू नये म्हणून. माझ्या टोपलीतल्या टॉवेलात होती. वेळ मिळेल की नाही, माहीत नव्हतं."

"मग त्याच वेळी कशा आलात? मी नमाज पढत होते, बेशुद्ध नव्हते. माझे कान उघडे होते. तुम्हाला एवढी खात्री कशी?"

हेमांगीआत्यांनी पर्सची चेन लावून टाकली.

"ओसाकाच्या विमानतळावर," हेमांगीआत्या म्हणाल्या, "तुम्ही नमाजाला उभ्या होतात. तुमची बॅग बाकावरून घसरली, सगळं सामान पसरलं. पाकीट, पासपोर्ट, पैसे. तुम्ही वळला नाहीत. मीच ते सगळं गोळा करून ठेवलं."

साजिदा आपांनी मान हलवली. ते सामान कुणी आवरलं होतं, हे त्यांना आज कळत होतं.

"तेव्हा मी दुआ केली होती," त्या म्हणाल्या, "ज्यानं आवरलं त्याच्यासाठी."

मग त्यांनी चप्पल घातली. गुणवंतरावांचा फोन हातात होता, अंगठा पडद्यावर थांबलेला. शुभ्रा आपांबरोबर लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टची वाट बघताना आपांच्या पर्समध्ये फोन वाजला, एकदा, आणि लगेच पुन्हा. त्यांनी तो बाहेर काढून मेसेज वाचले आणि फोन शुभ्रापुढे धरला.

ग्रुपवर गुणवंतरावांनी मराठीत, बँकेच्या पत्रासारखं लिहिलं होतं. साजिदा मुकादम यांच्यावर मी केलेला आरोप खोटा होता. नथ आमच्या घरातच होती. मी त्यांची माफी मागतो. त्याच्या खाली दुसरा मेसेज होता, फक्त एका ओळीचा.

नथ मी घेतली होती. हेमांगी.